संख्या आणि संवाद

(समाजमाध्यमांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



या वर्गात निरनिराळ्या भागांतून आलेल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या कामाचे वृत्त सांगितले. त्या सर्व वृत्तांत एक गोष्ट समान होती. फेसबुकवर आपले किती फॉलोअर आहेत, इन्स्टाग्रामवर किती, यूट्यूबवर किती आणि पूर्वीचे ट्विटर म्हणजे आताच्या एक्सवर किती, हे आकडे प्रत्येकाने आवर्जून सांगितले. ज्यांचा आकडा मोठा होता त्यांच्या स्वरात उत्साह होता आणि ज्यांचा लहान होता त्यांच्या स्वरात संकोच होता. हे स्वाभाविक आहे. परंतु या माध्यमांतून कोणती नवी माणसे आपल्या निकट आली, त्यांनी काय विचारले, आपण काय उत्तर दिले आणि पुढे त्यांचे काय झाले, याविषयी फारसे ऐकावयास मिळाले नाही. माझ्या मते कामाचे खरे मोजमाप तेथे आहे. म्हणून आज त्याच विषयावर आपल्यासमोर काही विचार मांडणार आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. इंग्रजीतील ‘फॉलोअर’ला आपण ‘अनुयायी’ म्हणतो. ‘अनु’ म्हणजे मागून आणि ‘या’ म्हणजे जाणे. जो मागून चालत येतो तो अनुयायी. चालायचे म्हणजे पाय उचलावे लागतात, घर सोडावे लागते, थोडी धूळ अंगावर घ्यावी लागते. आपल्याकडे हा शब्द फार मोठ्या किमतीचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र अनुयायी होण्यासाठी अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो, आणि तो स्पर्श करून माणूस दुसऱ्याच क्षणी आपल्याला विसरूनही जाऊ शकतो. शब्द तोच राहिला, त्यातील चालणे तेवढे गळून पडले. पडद्यावरील आकड्याला आपण जुन्या शब्दाची प्रतिष्ठा देतो आणि तेथेच फसगत सुरू होते.

आकड्याचा भ्रम

हा आकडा किती पोकळ असू शकतो, याची काही उदाहरणे पाहू. जानेवारी २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने देवुमी नावाच्या एका अमेरिकी कंपनीचा व्यवहार उघडकीस आणला. ही कंपनी फॉलोअर विकत असे. तिच्यापाशी किमान ३५ लाख यांत्रिक खात्यांचा साठा होता आणि तीच खाती पुनःपुन्हा निरनिराळ्या ग्राहकांना विकून तिने एकूण २० कोटींहून अधिक फॉलोअर पुरवले होते. ग्राहकांत नट होते, खेळाडू होते, राजकारणी होते, स्वतःला विचारवंत म्हणवणारेही होते. यांपैकी किमान ५५ हजार खात्यांवर खऱ्याखुऱ्या माणसांची नावे आणि छायाचित्रे त्यांच्या नकळत वापरली होती. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी २५ लाख डॉलरची तडजोड केली. प्रतिष्ठा बाजारात किलोच्या भावाने मिळू लागली होती, एवढाच याचा अर्थ.

त्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, ट्विटरने संशयास्पद म्हणून कुलूपबंद केलेली खाती फॉलोअरच्या गणनेतून वगळली. सर्वसामान्य माणसाच्या गणनेत चार-दोनचाच फरक पडला, पण मोठमोठ्या नामवंतांचे लाखो अनुयायी एका रात्रीत अदृश्य झाले. स्वतः ट्विटर कंपनीच्या अधिकृत खात्याचे ७५ लाखांहून अधिक फॉलोअर कमी झाले. जे एका रात्रीत नाहीसे होतात, ते आदल्या दिवशी तरी होते काय?

कोणी म्हणेल, आपण काही विकत घेतलेले नाहीत, आपले फॉलोअर खरी माणसे आहेत. मान्य. पण खऱ्या माणसांपर्यंत तरी आपले म्हणणे पोहोचते काय? फेसबुकवर एखाद्या पेजवरील मजकूर त्या पेजच्या सर्व अनुयायांना दिसतो, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. कोणाला काय दाखवायचे हे कंपनीची संगणकीय क्रमवारी ठरवते. ऑगिल्वी या जाहिरात संस्थेने शंभरहून अधिक व्यावसायिक पेजेसचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की ऑक्टोबर २०१३ मध्ये पैसे न भरता केलेली पोस्ट सरासरी १२ टक्के अनुयायांपर्यंत पोहोचत होती आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले होते. म्हणजे पेजवर एक लाखाची पाटी असली तरी प्रत्यक्ष मांडवात सहा हजारच माणसे आली. त्यांतील किती थांबली, किती जणांनी मजकूर पूर्ण वाचला आणि किती जण मान हलवून पुढे गेले, तो हिशेब आणखी निराळा.

ही माध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. यूट्यूबने २०१२ मध्ये चित्रफीत किती जणांनी उघडली याऐवजी ती किती वेळ पाहिली गेली, याला अधिक महत्त्व देण्यास प्रारंभ केला. उघडून लगेच बंद करणारा प्रेक्षक हा प्रेक्षक नव्हे, हे व्यापाऱ्याला कळले. जे व्यापाऱ्याला कळले ते समाजाचे काम करणाऱ्याला अगोदरच कळावयास हवे होते, कारण आपली परंपराच मुळी त्या पायावर उभी आहे.

गर्दी आणि दिंडी

आषाढी वारीचे उदाहरण घेऊ. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात लाखो माणसे चालतात. दूरचित्रवाणीवर आपण वरून घेतलेले दृश्य पाहतो आणि ‘वैष्णवांचा सागर’ म्हणून धन्य होतो. परंतु ज्याने वारी केली आहे त्याला ठाऊक असते की वारकरी सागरात चालत नाही, तो दिंडीत चालतो. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे इतर दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. दिंडीत विणेकरी असतो, टाळकरी असतात, पताकावाले असतात, तुळस घेतलेल्या माउली असतात. कोण आजारी पडले, कोणाच्या पायाला फोड आले, कोण मागे राहिले, हे दिंडीला कळते. लाखांच्या समूहात एकही माणूस निनावी राहू नये, अशी ही रचना आहे. या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात ती घालून दिली.

या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मुक्कामावरील समाज आरती. दिवसभर चालून सर्व दिंड्या तळावर येतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात लाखोंचा समुदाय शांत होतो. पण ज्या दिंडीला काही अडचण आहे, काही तक्रार आहे, ती दिंडी शांत होत नाही. ती टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि त्याचा निवाडा केला जातो. हरवले-सापडले त्याची घोषणा होते. त्यानंतर आरती होते. लाखांच्या मेळाव्यातील एका दिंडीचा टाळ ऐकू यावा यासाठी बाकीच्या सर्वांनी गप्प व्हायचे, याहून उत्तम श्रोतृसंवाद जगातील कोणत्या माध्यमाने निर्माण केला आहे?

आता आपल्या पेजकडे पाहा. आपण सकाळी सुविचार टाकतो, दुपारी छायाचित्र टाकतो, रात्री कार्यक्रमाची चित्रफीत टाकतो. आपला गजर अखंड चालू आहे. खाली कोणीतरी एखादी शंका विचारतो, कोणी आपली अडचण लिहितो, कोणी विरोधाचा पण सभ्य मुद्दा मांडतो. तो टाळ वाजत राहतो आणि आपल्याला ऐकूच येत नाही, कारण आपण आपला दंड उंच करायला विसरलो आहोत.

मूठभरांचे सामर्थ्य

वृत्तपत्रांच्या इतिहासातही हेच दिसते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले. त्याचे वर्गणीदार काही शेकड्यांतच होते आणि १८४० मध्ये ते बंदही पडले. आजच्या मापाने ते अपयशी पेज ठरले असते. परंतु मराठी माणसाने सार्वजनिक प्रश्नावर लिहावे, वाचावे, प्रतिवाद करावा ही सवय तेथून लागली, आणि म्हणूनच ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्यातील बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. खपाच्या आकड्यावर त्या पाक्षिकाचे मोल कोण ठरवील? ज्यांना आवाज नव्हता त्यांना तो मिळाला आणि त्यांतून समाज उभा राहिला.

संघाच्या प्रारंभाकडे पाहिले तरी हेच आढळेल. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी मूठभर तरुणांना घेऊन कामास प्रारंभ केला. त्यांच्यापाशी ना वृत्तपत्र होते, ना ध्वनिक्षेपक. शाखेत संख्या रोज घेतली जाते, हे आपण जाणतोच, म्हणजे संख्येचे आपल्याला वावडे नाही. पण ती कशासाठी घेतली जाते? आज कोण आला नाही हे कळावे आणि सायंकाळी त्याच्या घरी कोणीतरी जावे, यासाठी. गटनायक नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. दहा-पंधरा घरे, त्यांतील माणसे, त्यांची सुखदुःखे, मुलांच्या परीक्षा, आजीचे आजारपण हे सारे त्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा. कार्यकर्त्याचा संबंध दिवाणखान्यापुरता न राहता स्वयंपाकघरापर्यंत जावा, असे आपल्याकडे म्हटले जाते. आपल्याकडील संख्या ही संपर्काची दासी आहे. समाजमाध्यमांवर मात्र तीच मालकीण होऊन बसली आहे.

एक रुपयाचे स्मारक

या संदर्भात एकनाथजी रानडे यांनी उभारलेल्या विवेकानंद शिलास्मारकाचा इतिहास प्रत्येक माध्यम कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे जन्मलेले एकनाथजी संघाचे सरकार्यवाह होते. १९६३ हे स्वामी विवेकानंदांचे जन्मशताब्दी वर्ष. कन्याकुमारीच्या समुद्रातील ज्या शिळेवर स्वामीजींनी ध्यान केले, तेथे स्मारक व्हावे ही कल्पना पुढे आली आणि तिला विरोधही झाला. एकनाथजींनी दिल्लीत जाऊन सर्व पक्षांच्या ३२३ संसद सदस्यांच्या स्वाक्षऱ्या तीन दिवसांत मिळवल्या. त्यांत विरोधी विचारांचे लोकही होते. ही किमया जाहीर सभेने झालेली नाही. एकेका माणसासमोर बसून, त्याचे ऐकून घेऊन, त्याला समजेल अशा भाषेत विषय मांडून ती झाली.

पुढे निधीचा प्रश्न आला. काही थोड्या धनिकांकडून मोठ्या रकमा घेणे सोपे होते. एकनाथजींनी निरनिराळ्या राज्य सरकारांकडूनही साहाय्य मिळवले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सामान्य माणसाकडून एक, दोन, पाच रुपये घेण्याची योजना त्यांनी देशभर राबवली. सुमारे ३० लाख लोकांनी त्यांत आपला वाटा उचलला. एक रुपया घेण्यासाठी कार्यकर्त्याला त्या माणसाच्या दारात जावे लागले, स्वामीजी कोण होते हे सांगावे लागले, त्याच्या शंकेचे निरसन करावे लागले. रुपया लहान होता, पण तो देणाऱ्याला स्मारक आपले वाटू लागले. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा ३० लाख घरांत ते आधीच उभे राहिले होते.

यानंतर एकनाथजींनी जे केले ते त्याहून महत्त्वाचे आहे. ३० लाख नावांवर समाधान मानून ते थांबू शकले असते. पण दगडाच्या स्मारकाला जिवंत माणसांची जोड हवी, असे त्यांना वाटले, आणि ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना झाली. तेथे त्यांनी आयुष्य देणारे जीवनव्रती कार्यकर्ते घडवण्यास घेतले. लाखांकडून एक रुपया आणि त्या लाखांतून निवडलेल्या थोड्यांकडून संपूर्ण जीवन, हा क्रम लक्षात घ्या. विस्तार हवाच, पण विस्ताराचे प्रयोजन सखोलता हे आहे. ज्या विस्तारातून एकही माणूस आत येत नाही, त्याला पसारा म्हणतात.

प्रतिसाद म्हणजे क्षोभ नव्हे

येथपर्यंत ऐकल्यावर कोणी असा निष्कर्ष काढील की फॉलोअर मोजू नयेत, लाइक, शेअर आणि टिप्पण्या मोजाव्यात. थोडे थांबा. या मार्गावर एक खोल खड्डा आहे आणि त्यात या क्षेत्रातील एक मोठी कंपनीही पडली आहे.

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने घोषणा केली की यापुढे लोकांमध्ये अर्थपूर्ण संवाद घडवणारा मजकूर वरच्या क्रमाने दाखवला जाईल. हेतू ऐकावयास उत्तम होता. प्रत्यक्षात काय झाले ते २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा कळले. २०१७ पासून फेसबुकच्या क्रमवारीत साध्या लाइकपेक्षा भावचिन्हांना पाचपट वजन दिले जात होते आणि त्या भावचिन्हांत रागाचे चिन्हही होते. म्हणजे वाचकाला संताप आणणारा मजकूर त्याला आवडणाऱ्या मजकुरापेक्षा अधिक पसरू शकत होता. ज्या मजकुरावर रागाची चिन्हे अधिक पडतात त्यात खोटी आणि विखारी माहिती अधिक असते, असे कंपनीच्याच अभ्यासकांना आढळले होते. अखेर २०२० मध्ये रागाच्या चिन्हाचे वजन शून्य करण्यात आले.

आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हा मोह फार मोठा आहे. समाजावर, देशावर, श्रद्धास्थानांवर आघात होतात तेव्हा राग येतो, आणि तो यावा. परंतु राग आला म्हणून हाती आलेली कोणतीही चित्रफीत तपासल्याविना पुढे ढकलणे, तिच्यावर पडणाऱ्या हजारो संतप्त टिप्पण्या पाहून ‘केवढा प्रतिसाद मिळाला’ म्हणून समाधान पावणे, हे संघटनशास्त्र नव्हे. क्षोभ हा गवताच्या आगीसारखा असतो. भडका मोठा, पण त्यावर भाकरी भाजत नाही.

आणि कधी कधी त्या भडक्यात निरपराध माणसे जळतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षुकीसाठी गावोगाव फिरणारे, नाथ परंपरेशी नाते सांगणारे आपलेच बांधव होते ते. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तीही अफवांनी धास्तावलेल्या परिसरात. ती वार्ता ऐकून आपल्या सर्वांचे काळीज फाटले. ज्या खोट्या संदेशाने अशी वातावरणे तयार होतात, त्याला शेअर भरपूर मिळतात, प्रतिसाद भरपूर मिळतो. आकड्यांच्या भाषेत तो अत्यंत यशस्वी संदेश असतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. ही मर्यादा यंत्राने घातली. विवेकाची मर्यादा आपण स्वतः घालावयाची आहे. आपल्या पेजवर टाकलेली गोष्ट असत्य ठरली, तर फॉलोअर कदाचित कमी होणार नाहीत. पण ज्या शिक्षकाने, डॉक्टरने, शेजारच्या काकूंनी आपल्यावर विश्वास ठेवून ती पुढे पाठवली होती, त्यांच्या मनातून आपण उतरतो. विश्वास उतरल्याचा आकडा कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

मग मोजावे काय?

मोजमापाशिवाय काम सुधारत नाही, हे मी जाणतो. म्हणून मासिक वृत्तासाठी काही प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न, या महिन्यात किती जणांनी आपल्याला प्रश्न विचारले आणि त्यांतील किती जणांना चोवीस तासांत नावानिशी, सभ्य भाषेत उत्तर मिळाले? ‘धन्यवाद’ आणि हात जोडल्याचे चिन्ह याला उत्तर म्हणत नाहीत. प्रश्न कठीण असेल तर ‘माहिती घेऊन कळवतो’ असे लिहावे आणि खरोखर कळवावे.

दुसरा प्रश्न, पुनःपुन्हा येणारी माणसे किती? एकदा येऊन गेलेल्या पाच हजारांपेक्षा दर आठवड्याला येणारे पन्नास जण मोलाचे आहेत. त्यांची नावे पेज सांभाळणाऱ्याला ठाऊक असावीत. कोण कोणत्या गावचा, काय करतो, त्याला कोणत्या विषयात रस आहे, हे एका वहीत लिहून ठेवा. हाच तुमचा गट, आणि तुम्ही त्याचे गटनायक.

तिसरा प्रश्न, पडद्यावरून प्रत्यक्षात किती जण आले? रक्तदान शिबिराची सूचना किती जणांनी पाहिली हे गौण आहे. ती वाचून कितीजण शिबिरात आले, त्यांतील किती जण प्रथमच आले आणि त्यांचे नंतर आभार मानावयास कोण गेले, हे महत्त्वाचे. ग्रंथप्रदर्शन असो, वृक्षारोपण असो, वस्तीतील अभ्यासिका असो, प्रत्येक सूचनेच्या शेवटी एका जबाबदार कार्यकर्त्याशी संपर्क साधण्याची सोय असावी आणि त्याने तो प्रत्यक्ष घ्यावा.

चौथा प्रश्न, आपल्याशी मतभेद असलेल्या किती जणांशी आपला संवाद टिकून आहे? सर्वजण ‘वा, वा’ म्हणत असतील तर आपण आपल्याच घरात भाषण करीत आहोत, असे समजावे. एकनाथजींच्या ३२३ स्वाक्षऱ्यांत आपल्या विचारांचे किती होते? जो विरोधक सभ्यपणे वाद घालतो, तो आपले वाचतो. न वाचणाऱ्या समर्थकाहून तो अधिक जवळ आहे. त्याला अपशब्दांनी पळवून लावणारा कार्यकर्ता आपल्या संघटनेची हानी करतो, मग त्याला कितीही लाइक मिळोत.

आणि पाचवा प्रश्न, आपण काय मागे घेतले? चूक झाली असेल तर ती दुरुस्त करून जितक्या ठळकपणे टाकली होती तितक्याच ठळकपणे सांगितली काय? ज्या पेजवर दुरुस्ती कधीच दिसत नाही, त्या पेजवर चुका होत नसाव्यात असे वाचक समजत नाही. तेथे सत्याची चाड नाही, असे तो समजतो.

फॉलोअरचा आकडा वृत्तात असू द्या. पण तो शेवटच्या ओळीत असावा. पहिल्या पाच ओळी या प्रश्नांच्या असाव्यात.

घरातील पडदा

येथे अनेक जण सपत्नीक, मुलांसह आले आहेत, म्हणून आणखी एक मुद्दा मांडतो. हा प्रश्न केवळ संघटनेचा नाही, तो घराचाही आहे. आपली मुले-मुली या आकड्यांच्या छायेत वाढत आहेत. छायाचित्राला किती लाइक आले यावर त्यांच्या दिवसाचा आनंद ठरू लागला आहे. इन्स्टाग्रामने २०१९ पासून लाइकचा आकडा लपवून पाहण्याचे प्रयोग केले आणि २०२१ मध्ये तो लपवण्याचा पर्याय सर्वांना उपलब्ध करून दिला. आकडा सतत डोळ्यांसमोर असण्याचा ताण त्या कंपनीनेही विचारात घेतला.

पण मुलांना उपदेश करण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहावे. रात्री जेवताना वडील आपल्या पोस्टवरच्या टिप्पण्या मोजत असतील आणि शेजारी बसलेली मुलगी शाळेतील एखादी गोष्ट सांगून गप्प झाली असेल, तर त्या घरात सर्वांत जवळचा श्रोता प्रतिसादाविना उठून गेला. आपण समाजाचा संवाद वाढवण्यास निघालो आहोत आणि ताटाला ताट लावून बसलेल्या माणसाचा टाळ आपल्याला ऐकू येत नाही. रोजचे एक जेवण मोबाइल बाजूला ठेवून, एकमेकांना प्रश्न विचारीत व्हावे, एवढा नियम प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात असावा. ऐकण्याची सवय घरात लागली की ती पेजवर आपोआप दिसेल.

भगिनींना मी विशेषत्वाने विनंती करीन. घरातील, सोसायटीतील, भिशीतील व्हॉट्सअॅप समूह बहुधा आपल्यामुळेच जिवंत असतात. कोणाच्या सासूबाई रुग्णालयात आहेत, कोणाला डबा हवा आहे, कोणाच्या मुलाला वसतिगृहासाठी ओळख हवी आहे, हे त्या समूहात कळते आणि तासाभरात कोणीतरी उठून जाते. २०२० च्या टाळेबंदीत अशा लहान समूहांनी किती घरांत औषध आणि अन्न पोहोचवले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चाळीस-पन्नास माणसांच्या त्या समूहाला कोणी प्रभावशाली म्हणणार नाही. पण खरा प्रभाव तेथे आहे. मोठमोठी पेजेस चालवणाऱ्या आमच्या तरुणांनी त्यांच्याकडून शिकावे.

शेवटी एवढेच सांगतो. ही माध्यमे आपली नाहीत. त्यांचे मालक दूरदेशी आहेत, त्यांचे नियम उद्या बदलतील, एखादे माध्यम बंदही पडेल. ऑर्कुटवर एकेकाळी कितीतरी जणांचे मोठमोठे समूह होते. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले आणि ते आकडे त्याच्याबरोबर गेले. ज्यांनी त्या काळात तेथे भेटलेल्या माणसांना घरी बोलावले, त्यांच्या घरी गेले, त्यांच्यासोबत काही काम केले, त्यांचे मात्र काहीच गेले नाही. पडद्यावरचा आकडा कंपनीच्या मालकीचा असतो. जोडलेला माणूस समाजाच्या मालकीचा होतो. येथून गेल्यावर या आठवड्यात आपल्या पेजवरील अशी पाच नावे निवडा, ज्यांना आपण कधीच भेटलेलो नाही, आणि त्यांना भेटून या.